तिशीतला म्हातारा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं सारं आयुष्य नटांच्या सहवासात गेलं. म्हणून आज मी एका नटाविषयीच बोलायचं ठरवलं. हा नट आपल्याकडचा नाही. तेल अवीवमध्ये जन्मलेला आणि ८ मार्च २०२३ रोजी तिथेच वारलेला हाईम टोपोल. आपल्यापैकी बहुतेकांना तो १९७१ च्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या एकाच सिनेमामुळे ठाऊक असेल. झारच्या रशियातलं अनातेवका नावाचं खेडं, लंगडणाऱ्या घोड्याला विश्रांती देऊन स्वतःच दुधाची गाडी ओढणारा तेव्ये, आणि वर आभाळाकडे बघत त्याची देवाशी चाललेली हुज्जत. तेव्येला पाच मुली आहेत. संसाराला पंचवीस वर्षं झाली आहेत. मोठ्या तिघी लग्नाच्या आहेत. हा माणूस पडद्यावर उभा करणारा टोपोल तेव्हा पस्तीस वर्षांचा होता.

त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याला एका भूमिकेत अडकलेला नट म्हणतात. मला हा त्याच्यावरचा अन्याय वाटतो. टोपोलनं तेव्येची भूमिका रंगमंचावर साडेतीन हजारांहून अधिक वेळा केली, चाळीसहून अधिक वर्षं केली, हे खरं आहे. पण या चाळीस वर्षांत भूमिकेचं आणि नटाचं नातं उलटंपालटं झालं. सुरुवातीला तरुण नट म्हाताऱ्याचं सोंग घेत होता. मध्ये एक काळ असा आला की दोघांचं वय एक झालं. शेवटी नट भूमिकेपेक्षा म्हातारा होता. नटाच्या अंगात वय कुठून येतं, या प्रश्नाचं उत्तर त्यानं आधी कसबानं दिलं आणि नंतर आयुष्यानं. एकाच भूमिकेत दोन्ही उत्तरं देण्याची संधी फार थोड्या नटांना मिळते. मला आज त्या दोन उत्तरांबद्दल बोलायचं आहे.

टोपोलचा जन्म ९ सप्टेंबर १९३५ चा. त्या वेळी इस्रायल हे राष्ट्र अस्तित्वात नव्हतं; पॅलेस्टाइनवर ब्रिटिशांचा अंमल होता. घर तेल अवीवच्या फ्लोरेंटिन या कामगारवस्तीत. वडील भिंतींना गिलावा करणारे, आई शिवणकाम करणारी. चौदाव्या वर्षी टोपोलनं ‘दावार’ या वृत्तपत्राच्या छापखान्यात नोकरी धरली आणि रात्री शाळा केली. पुढे किबुत्झ, म्हणजे सामूहिक शेतवस्ती, मग सैन्य. सैन्यात त्याला नाहाल दलाच्या कलापथकात घेतलं. छावण्याछावण्यांतून गाणी, नकला, छोटे प्रवेश करत हे पथक फिरायचं. १९५६ साली सैन्यातून सुटला, लग्न केलं, आणि लग्नाला दोन दिवस होतात तोच सिनाईच्या युद्धासाठी त्याला परत बोलावलं. युद्धानंतर तो पत्नी गालियासह मिश्मार दाविद या किबुत्झवर राहिला आणि तिथल्या गॅरेजमध्ये मेकॅनिकचं काम करू लागला. जुन्या पथकातल्या मित्रांना गोळा करून त्यानं नाटकमंडळी काढली. आठवड्यातले चार दिवस दौरा, दोन दिवस किबुत्झवर काम, एक दिवस सुट्टी.

हा सगळा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे. त्या काळातली हिब्रू रंगभूमी म्हणजे प्रामुख्यानं हबिमा. ही संस्था मॉस्कोत जन्मली, १९२२ साली ‘डिब्बुक’ करून गाजली आणि पुढे तेल अवीवला स्थायिक झाली. तिचे थोर नट रशियन वळणाचे होते. उच्चार भारदस्त, हातवारे मोठे. हिब्रू त्यांनी मोठेपणी, श्रद्धेनं शिकलेली भाषा होती. टोपोलच्या पिढीला ती गल्लीत खेळताना मिळाली होती. ट्रकच्या मागच्या बाजूला उभं राहून दमलेल्या सैनिकांसमोर गाणाऱ्या नटाला भारदस्तपणा परवडत नाही. पहिल्या मिनिटात माणसं धरली नाहीत तर ती झोपतात. टोपोलच्या अभिनयातला जो मोकळेपणा पुढे लंडनकरांना नवा वाटला, तो या छावण्यांतून आलेला आहे.

पुढे ‘बात्झल यारोक’, म्हणजे ‘हिरवा कांदा’, या उपहासात्मक कार्यक्रम करणाऱ्या मंडळीत तो होता. नट आणि दिग्दर्शक उरी झोहर तिथे त्याच्याबरोबर होता. १९६० नंतर योसेफ मिलोनं हैफाच्या म्युनिसिपल थिएटरची उभारणी केली, त्यातही टोपोलचा हात होता. मिलोनं त्याआधी तेल अवीवला कामेरी हे नाट्यगृह स्थापलं होतं. नव्या, बोलक्या हिब्रू नाटकाची वाट त्यानंच पाडली. हैफात टोपोलला शेक्सपिअर, आयनेस्को आणि ब्रेख्त मिळाले. शेक्सपिअरचा पेट्रुशिओ, ‘ऱ्हायनोसेरॉस’मधला जाँ, आणि ‘कॉकेशियन चॉक सर्कल’मधला अझदाक.

अझदाकपाशी आपण थोडं थांबू या, कारण हा माणूस मराठी रंगभूमीच्याही ओळखीचा आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी याच नाटकावरून ‘अजब न्याय वर्तुळाचा’ लिहिलं आणि विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्या साथीनं ते उभं केलं. ज्यांनी तो प्रयोग पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की अझदाक करणाऱ्या नटाची परीक्षा कशात असते. माणूस दारुडा आहे, लाचखाऊ आहे, भित्रा आहे, आणि त्याच्या हातून खरा न्याय होतो. यातलं एकही अंग झाकून चालत नाही. त्याला संत केला तर नाटक मेलं, नुसता विदूषक केला तरी मेलं. टोपोलनं हा अझदाक हैफात केला आणि १९६९ मध्ये इंग्लंडच्या चिचेस्टर महोत्सवात इंग्रजीतही केला. तेव्ये देवाशी भांडतो ते मला अझदाकच्या शाळेत शिकलेलं भांडण वाटतं. वर बसलेल्याला खाली उतरवून त्याच्याशी बरोबरीनं बोलायचं, पण त्याचा अपमान करायचा नाही, ही त्या भांडणाची रीत आहे.

आता ‘सलाह शबाती’. १९६४ चा हा सिनेमा एफ्राइम किशोन यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. किशोन बुडापेस्टचे, नाझींच्या छळातून वाचलेले. इस्रायलला आल्यावर हिब्रू शिकले आणि थोड्याच वर्षांत त्या भाषेतले सर्वांत लोकप्रिय विनोदी लेखक झाले. अरब देशांतून आलेला, बायको आणि सात पोरांचा बाप असलेला सलाह ‘माबारा’ या निर्वासितांच्या तात्पुरत्या छावणीत येऊन पडतो. कोणत्या देशातून आला ते सिनेमा सांगत नाही. त्याला घर हवं असतं, काम मात्र नको असतं. बॅकगॅमनवर शेजाऱ्याचे पैसे जिंकून तो दिवस ढकलतो. निवडणूक आली की प्रत्येक पक्ष त्याच्याकडे मत मागायला येतो आणि तो प्रत्येकाला हो म्हणतो. शेवटी त्याला सरकारी कारभाराचा मंत्र सापडतो. जे हवं त्याच्या विरोधात मोर्चा काढायचा! नवी घरं नकोत अशा घोषणा देत छावणीतले लोक रस्त्यावर येतात आणि त्यांना नवी घरं मिळतात.

साठीकडे झुकलेला सलाह करताना टोपोल अजून तीस वर्षांचा झाला नव्हता. सैन्याच्या कलापथकात असल्यापासून तो हा माणूस छोट्या प्रवेशांतून करत आला होता. त्यामुळे सिनेमापर्यंत येता येता सलाह त्याच्या अंगात मुरला होता. पडद्यावर बघा. नेहमीचे नट म्हातारपण पाठीच्या बाकात आणि थरथरत्या हातात दाखवतात. टोपोल दोन्ही टाळतो. त्याचा सलाह ताठ आहे, पण तो हलायच्या आधी विचार करतो. बसलेला असला की उठण्याची किंमत आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. नजर चपळ आणि शरीर सावकाश, अशी ती जोडी आहे. म्हातारा माणूस कमी हलतो तो दुबळा झाला म्हणून नव्हे, त्याला फुकटची हालचाल परवडत नाही म्हणून, हे या पोरसवदा नटाला कळलं होतं. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचा उमेदीच्या नव्या नटासाठीचा पुरस्कार मिळाला आणि सिनेमाला परभाषिक चित्रपटासाठीचं ऑस्कर नामांकन. इस्रायली सिनेमाचं ते पहिलं नामांकन होतं. गिला अल्मागोर, ज्या पुढे इस्रायली रंगभूमीच्या अग्रणी अभिनेत्री झाल्या, त्याही या सिनेमात आहेत.

या भूमिकेवर झालेली टीका मी टाळून पुढे जाणार नाही. युरोपीय ज्यूंनी लिहिलेला, युरोपीय ज्यूच्याच मुलानं साकारलेला हा पौर्वात्य ज्यू आळशी, अडाणी आणि पोरांची नावं विसरणारा आहे. बगदादहून आलेल्या कुटुंबातल्या अभ्यासक एला शोहात यांनी इस्रायली सिनेमावरच्या आपल्या १९८९ च्या पुस्तकात या साच्याची कठोर चिकित्सा केली, आणि ती बरोबर आहे. अशा सलाहांवर प्रेक्षागृहं हसत होती त्याच वर्षांत खऱ्या छावण्यांतून आणि ओसाड नव्या गावांतून खरी माणसं अपमान सोसत होती. त्यांत आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायलही होते. घरी मराठी बोलणारी ही माणसं. त्यांतल्या काहींनी १९५१-५२ मध्येच आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून धरणं धरलं होतं, आणि काही परतलेही. पुढे धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका काढली. ज्या वर्षी ‘सलाह शबाती’ आला त्याच वर्षी, १९६४ च्या उन्हाळ्यात, बेने इस्रायल जेरुसलेमच्या रस्त्यावर निदर्शनं करत होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं म्हणजे तिथल्या संसदेनं ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असा निर्वाळा दिला तेव्हा तो लढा शमला. नको ते मागून हवं ते मिळवण्याची सलाहची युक्ती त्यांच्या कामाची नव्हती. त्यांना जे हवं होतं तेच मागावं लागलं, आणि फार दिवस मागावं लागलं.

मग टोपोलचा सलाह नाकारायचा का? मला तसं वाटत नाही. पटकथेतला सलाह हास्यास्पद आहे, पण टोपोल त्याला कुठेही मूर्ख होऊ देत नाही. छावणीतल्या प्रत्येक अधिकाऱ्यापेक्षा सलाह एक पाऊल पुढे आहे आणि ते फक्त त्यालाच ठाऊक आहे, असं त्याच्या नजरेतून सतत दिसतं. लेखकानं साचा दिला, नटानं त्यात बुद्धी भरली. साच्याचा दोष मात्र त्यामुळे जात नाही, आणि या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवूनच हा सिनेमा पाहायला हवा.

‘फिडलर’ ब्रॉडवेवर आलं तेही १९६४ मध्येच. शोलेम अलेइखेम यांच्या यिद्दिश कथांवरून जोसेफ स्टाइननं लिहिलेलं, जेरी बॉकचं संगीत, शेल्डन हार्निकची गीतं, जेरोम रॉबिन्सचं दिग्दर्शन. पहिला तेव्ये झीरो मॉस्टेल. तेल अवीवला गिओरा गोदिकनं त्याचा हिब्रू प्रयोग आणला. त्यातले शमुएल रोडेन्स्की आजारी पडल्यावर टोपोल काही आठवडे त्यांच्या जागी उभा राहिला. तेवढ्यात लंडनच्या प्रयोगासाठी तेव्येचा शोध सुरू झाला. निर्माता हॅरॉल्ड प्रिन्सला ‘सलाह शबाती’ आठवत होता. त्यानं निरोप पाठवला. टोपोलला इंग्रजी जेमतेम येत होतं. त्यानं न्यूयॉर्कच्या प्रयोगाची ध्वनिमुद्रिका ऐकून ऐकून गाणी पाठ केली आणि लंडन गाठलं. प्रिन्सची अपेक्षा साठीच्या गृहस्थाची होती. समोर तिशीचा धडधाकट जवान उभा! त्यानं गाऊन दाखवलं, हालचालींसकट दाखवलं, कारण मायदेशी त्यानं त्या केलेल्याच होत्या. काम मिळालं.

पुढचे सहा महिने तो सिसिली बेरीकडे इंग्रजी उच्चार घोटत होता. याच बाई नंतर रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या वाचिक शिक्षिका म्हणून जगभर नावाजल्या. अर्थाआधी ध्वनी, असा त्याचा अभ्यास झाला. यातून एक गोष्ट आपोआप साधली असं मला वाटतं. परकी भाषा बोलणारा माणूस शब्द तोलून, शोधून बोलतो, आणि तेव्ये तर पोथीतली वचनं चुकीची सांगत, वाक्यामध्ये थबकत बोलणारा माणूस आहे. नटाची अडचण भूमिकेच्या कामी आली. १६ फेब्रुवारी १९६७ रोजी हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला आणि लंडन त्याच्या मागे लागलं. ‘हाईम’ हे नाव इंग्रजांच्या जिभेला जड जाई, म्हणून जाहिरातीत नुसतं ‘टोपोल’ राहिलं. जूनमध्ये सहा दिवसांचं अरब-इस्रायल युद्ध सुरू होताच तो प्रयोग सोडून मायदेशी गेला, सैनिकांसमोर कार्यक्रम केले आणि मग परतला. हे नाटक पुढे लंडनमध्ये २,०३० प्रयोग चाललं. टोपोल त्यात साधारण वर्षभर होता.

सिनेमासाठी नॉर्मन ज्युइसननं मॉस्टेलला बाजूला ठेवून टोपोलला घेतलं, याचा मॉस्टेलच्या चाहत्यांना फार राग आला. मॉस्टेल अफाट नट होता. पण तो प्रेक्षकाला एक क्षणही विसरायचा नाही, आणि कॅमेऱ्यासमोर हेच जड जातं. ज्युइसनला अनातेवकाचा चिखल खरा दिसायला हवा होता. झाग्रेबजवळच्या खेड्यांत चित्रीकरण झालं. छायाचित्रकार ऑस्वाल्ड मॉरिसनं मातकट रंग मिळावा म्हणून भिंगावर बायकांचा तपकिरी रेशमी पायमोजा ताणला; त्या कामाला ऑस्कर मिळालं. टोपोलच्या भुवया पांढऱ्या दिसेनात तेव्हा ज्युइसननं स्वतःचे पांढरे केस उपटून दिले. 

या सिनेमात टोपोलची थोरवी गाण्यांत आहे असं म्हणतात. मला ती विचार करण्यात दिसते. तिन्ही मुली एकीमागून एक स्वतःच्या पसंतीचं लग्न ठरवतात. प्रत्येक वेळी तेव्ये बाजूला होतो, लांबून त्या जोडीकडे बघतो आणि मनाशी दोन्ही बाजू तोलतो. पहिल्या वेळी, शिंप्याच्या बाबतीत, हे तोलणं गमतीचं आहे. टोपोलचे डोळे आधीच हो म्हणून गेलेले असतात. दुसऱ्या वेळी, विद्यार्थी क्रांतिकारकासमोर, तो दुखावल्याचं दिसतं आणि तरी हार मानण्यात त्याला आनंद होतो. तिसरी मुलगी ख्रिश्चन तरुणाशी लग्न करते. पुन्हा तेच तोलणं सुरू होतं, आणि या वेळी दुसरी बाजूच उरत नाही. इथे टोपोलचा आवाज चढतो, पण त्यात राग कमी आणि भीती जास्त आहे. ज्या हत्यारानं त्यानं आजवर प्रत्येक संकट पार केलं, ते तोलण्याचं हत्यार हातात मोडलेलं त्याला दिसतं. पस्तिशीतल्या नटाला हे कसं समजलं याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे, की त्यानं ते समजून घेण्यासाठी म्हातारं व्हायची वाट पाहिली नाही. या कामासाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळालं आणि ऑस्करसाठी नामांकन.

नंतरचे सिनेमे मी भराभर सांगतो. ‘फ्लॅश गॉर्डन’मधला डॉक्टर झारकोव्ह, बाँडपट ‘फॉर युअर आइज ओन्ली’मधला पिस्ते खाणारा तस्कर कोलंबो, ज्याचे पिस्ते ही टोपोलचीच सूचना होती, ‘विंड्स ऑफ वॉर’ ही मालिका. ही कामं चांगली आहेत, पण त्यांनी त्याला फार काही मागितलं नाही. अपवाद १९७५ च्या ‘गॅलिलिओ’चा. ब्रेख्तचं नाटक, दिग्दर्शक जोसेफ लोझी, ज्यानं १९४७ साली खुद्द ब्रेख्तबरोबर चार्ल्स लॉटनला घेऊन हेच नाटक अमेरिकेत केलं होतं. टोपोलचा गॅलिलिओ खादाड आहे, ज्ञानाचा आणि जेवणाचा सारखाच भुकेला, आणि म्हणूनच छळाची हत्यारं दिसताच तो शरण जातो हे पटतं. समीक्षकांनी त्याची दखल हवी तेवढी घेतली नाही.

आणि मग परत तेव्ये. १९८३ ला लंडन, १९९० ला ब्रॉडवे. ब्रॉडवेच्या त्या प्रयोगाला सर्वोत्तम पुनरुज्जीवनाचा टोनी मिळाला, टोपोलला नामांकन. मधल्या काळात त्याची स्वतःची तीन मुलं मोठी झाली होती, त्यांत दोन मुली. त्याच सुमाराच्या अमेरिकन दौऱ्यात गोल्डेची, म्हणजे तेव्येच्या बायकोची भूमिका करत होती रोझालिंड हॅरिस. १९७१ च्या सिनेमात ती त्याची थोरली मुलगी त्झाइटेल होती. पडद्यावरची मुलगी रंगमंचावर बायकोच्या वयाला पोचली, इतकी वर्षं ही भूमिका त्याच्याबरोबर चालली होती. तरुणपणी रंगमंचावर अंगातली तडफ दाबून धरावी लागायची, पुढे ती गरज उरली नाही, असं तो सांगायचा. मला त्याच्या सांगण्यातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. तिशीत त्याचं निम्मं बळ लपवण्यात जात होतं. पन्नाशीत ते सारं बळ समोरच्या नटाकडे लक्ष देण्यासाठी मोकळं झालं. एकच भूमिका पुन्हा पुन्हा करून नट घासला जातो असं आपण धरून चालतो. टोपोलच्या बाबतीत भूमिका जागच्या जागी राहिली आणि नट तिच्यातून चालत गेला. २००९ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकेतला निरोपाचा दौरा त्याला स्नायूंच्या दुखापतीमुळे अर्ध्यावर सोडावा लागला.

उरलेलं आयुष्य त्यानं बरंचसं जॉर्डन रिव्हर व्हिलेजला दिलं. गॅलिलीतलं हे शिबिर गंभीर आजार असलेल्या मुलांसाठी आहे. तिथे ज्यू आणि अरब मुलं एकत्र राहतात, आणि त्यांच्याकडून पैसे घेतले जात नाहीत. २०१५ मध्ये त्याला जीवनगौरवाचं इस्रायल पारितोषिक मिळालं. अखेरची वर्षं अल्झायमरची होती.

तरुण नटमंडळी आज इथे बरीच आली आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. हे तीन सिनेमे काळाच्या क्रमानं पाहा: ‘सलाह शबाती’, ‘फिडलर’, ‘गॅलिलिओ’. पहिल्यांदा गोष्टीसाठी पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त त्याचं बसणं आणि उठणं पाहा. सलाह बाकावरून कसा उठतो, तेव्ये गाडीचा दांडा खाली ठेवल्यावर हात कुठे नेतो, गॅलिलिओ ताटाकडे कसा वाकतो. तिन्ही भूमिका त्यानं चाळिशीच्या आत केल्या आहेत. साठीतला तेव्ये तुम्हाला यांत कुठेच सापडणार नाही. सिनेमात पकडला गेला तो पस्तिशीतलाच. तो नंतरचा तेव्ये ज्यांनी लंडनला, न्यूयॉर्कला, अमेरिकेच्या लहानमोठ्या गावांत पाहिला अशी माणसं अजून हयात आहेत. कधी कुठे भेटली तर त्यांना नुसतं ‘कसा होता’ असं विचारू नका. तिसऱ्या मुलीच्या प्रसंगात तो कुठे उभा होता, किती वेळ गप्प होता, ते विचारा, आणि लिहून ठेवा.